मे महिन्यात उलटं फिरणारं इंजिन

आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी एक इंजिन असतं. जानेवारीत ते चहाच्या कपावर ठेवलं की मिनिटाभरात त्याचं चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायला लागतं. मे महिन्यात मी ते बर्फाच्या वाटीवर ठेवते आणि ते उलटं फिरतं.

येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सेल कुठे घातलेत?" सेल नाहीत. वायर नाही, वात नाही, धूर नाही. बशीएवढ्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या, त्यांच्यामध्ये पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं कडं, आणि आत कशालाही न शिवता वर-खाली होणारी थर्मोकोलची एक तबकडी. तबकडी वर गेली की आतली हवा खालच्या, गरम चकतीवर येते आणि फुगते. तबकडी खाली आली की हवा वर जाते, निवते आणि आकसते. या फुगण्या-आकसण्यावर बाजूचा एक छोटा दट्ट्या नाचतो आणि दट्ट्या चाक फिरवतो. आतली हवा तीच. ती बाहेर जात नाही, नवी आत येत नाही. याला गरम हवेचं इंजिन किंवा स्टर्लिंग इंजिन म्हणतात.

तीस वर्षं मी बडोद्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर कार्नोचं चक्र, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या आदर्श इंजिनाचा आलेख, काढायचे, चार वक्ररेषा, चार बाण. माझी आकृती सुरेख यायची, खडू न उचलता. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं होतं, "बेन, पण ते फिरतं कसं?" मी सांगितलं, की हे आदर्श इंजिन आहे, प्रत्यक्षात नसतं, आणि परीक्षेला एवढंच येतं. तो बसला. उत्तर चूक नव्हतं, पण खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. उष्णतेवर चालणारं एकही इंजिन मी तोवर आतून पाहिलं नव्हतं. आणि हे मी म्हणतेय, जिचे वडील वाफेच्या इंजिनांत हयात घालवून आले!

नाना प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. बडोद्याच्या आसपासची नॅरो गेज म्हणजे गायकवाडांची जुनी हौस. 1862 साली डभोई ते मियागाम रूळ टाकले तेव्हा डबे बैलांनी ओढले होते, इंजिनं मागाहून आली. नाना ही गोष्ट अशी सांगायचे, की जणू ते बैल त्यांनीच सोडून दिले. त्यांचं शिक्षण कलाभवनाच्या आवारात झालं. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं ते कलाभवन नानांच्या वेळेपर्यंत विद्यापीठात गेलेलं होतं, पण घरात आम्ही कायम कलाभवनच म्हटलं. निवृत्तीनंतर त्यांनी राजकोटचं एक लहान लेथ, म्हणजे धातू तासायचं यंत्र, जुन्यात घेतलं आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्याखाली बसवलं. त्यावर ते काय करायचे? शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, देवघराच्या घंटेचा लोलक, कुणाच्या शिवणयंत्राचा झिजलेला दांडा. ते गेल्यावर लेथवर गोधडी पडली. विकायला कोणी धजावलं नाही, आणि वापरायचा प्रश्नच नव्हता.

मी निवृत्त झाले त्या पावसाळ्यात गोधडी काढली. लेथला गंज होता, पण वरवरचा. नानांनी जाण्याआधी सगळ्याला ग्रीस चोपडून ठेवलं होतं.

*

गरम हवेच्या इंजिनाबद्दल नानांचं मत मला ठाऊक होतं. एकदा मासिकात आलेलं चित्र मी त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "वाफेत दम असतो. ही नुसती फुंकर. फुंकरीने कधी गाडी ओढलीय का?"

फारशी ओढली नाही, हे खरंच. पण फुंकरीचा इतिहास वाचताना मी चक्रावले. रॉबर्ट स्टर्लिंग नावाचा स्कॉटलंडमधला एक तरुण, 1816 साली नुकता पाद्री झालेला, त्याच वर्षी पेटंट घेतो. दोन वर्षांनी त्याचं इंजिन एका दगडाच्या खाणीतलं पाणी उपसायला लागतं. आणि कार्नोचं पुस्तक, ज्याच्या चार वक्ररेषा मी तीस वर्षं काढल्या, ते आलं 1824 मध्ये. म्हणजे इंजिन आधी फिरलं आणि का फिरतं ते नंतर कळलं. मी मुलांना नेमकं उलट्या क्रमाने शिकवलं, आणि त्यातलं फिरणं गाळूनच टाकलं.

बॉयलर फुटून माणसं मरत म्हणून त्या दयाळू पाद्र्याने बिनबॉयलरचं इंजिन काढलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट छान आहे. पण पेटंटचा मथळाच मुळी इंधन कमी जाळण्याबद्दल आहे, आणि त्यातली खरी कल्पना इंजिनापेक्षा मोठी आहे. गरम हवा थंड बाजूला जाताना वाटेत आपली उष्णता धातूच्या एका जाळीत ठेवून जाते आणि परत येताना उचलून घेते. रात्री उरलेली पोळी सकाळी फोडणीला टाकणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. या जाळीला इंग्रजी पुस्तकांत मोठं नाव आहे. मी तिला 'ठेव' म्हणते.

नावांचा घोळ सुरुवातीपासून होता. दट्ट्या हा शब्द मराठीत रुळलेला आहे, पण जो तुकडा काहीच काम न करता हवेला फक्त इकडून तिकडे सारतो, त्याला काय म्हणायचं? कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रविद्येची पुस्तकं मराठी-गुजरातीत व्हावीत म्हणून खटपट केली होती. त्यांनी काही सुचवलं असतं. मी माझ्यापुरतं 'ढकल्या' ठेवलं. दट्ट्या आणि ढकल्या. एखाद्या तमाशातले दोघे वाटतात, आणि वागतातही तसेच. ढकल्या पुढे पळतो, दट्ट्या पाव फेरी मागून येतो. ते पाव फेरीचं अंतर चुकलं, की दोघेही जागच्या जागी.

*

पहिलं इंजिन लेथशिवाय केलं. एक परीक्षानळी, पाच गोट्या, एक काचेची सिरिंज. परीक्षानळी तराजूच्या दांडीसारखी मध्यावर टांगायची, बंद टोकाखाली स्पिरिटचा दिवा, उघड्या टोकाला बूच, आणि बुचातून नळी खालच्या सिरिंजला. हवा तापली की सिरिंजचा दांडा ते टोक वर उचलतो. गोट्या गडगडत गरम टोकाला जातात आणि तिथली हवा थंड टोकाकडे हाकलतात. हवा आकसते, टोक खाली येतं, गोट्या परत फिरतात. इथे ढकल्याचं काम गोट्या करतात.

पहिली नळी दहा मिनिटांत तडकली. रावपुऱ्यातून आणलेली ती नळी साध्या काचेची निघाली, आगीवर धरायची नव्हतीच. दुसरी बोरोसिलिकेटची आणली. ती तडकली नाही, पण गोट्या बंद टोकावर आपटून तिचा तळच उडाला, आणि एक गोटी फ्रिजखाली गेली. तिसऱ्या वेळी तळाशी भांडी घासायच्या स्टीलच्या काथ्याचा बोळा घातला. आपटणं थांबलं, आणि झुलण्याचा वेग एकदम वाढला. का, हे कळायला मला दोन दिवस लागले. तो काथ्या म्हणजेच स्टर्लिंगची ठेव! मी गादी म्हणून घातली आणि पाद्रीबुवांचं पेटंट वापरून बसले.

ते इंजिन स्वयंपाकघराच्या ओट्यावर टक-टक करत अर्धा तास झुललं. आमचे हे पेपर बाजूला ठेवून आले, पाहिलं, आणि म्हणाले, "पाळणा झाला. बाळ कधी?"

*

बाळाला आठ महिने लागले, आणि आता सांगायचंय ते खरं यातलंच.

नवरात्रात सुरुवात केली. त्या दिवसांत बडोद्यात गरब्याचा आवाज असा असतो, की रात्री लेथ चालवलं तरी शेजारी कोणाला पत्ता लागत नाही. बिडाची दांडी भंगारातून आणली. बीड घ्यायचं कारण असं, की त्यात मुळातच ग्रॅफाइट असतं, त्यामुळे बिडावर बीड घासलं तरी चिकटत नाही. सोळा मिलिमीटरचं भोक पाडलं, ते गुळगुळीत करायला रीमर फिरवला, दट्ट्या तासला. मायक्रोमीटरवर मापं इतकी जुळली, की मला नानांची आठवण आली. दट्ट्या आत घातला, तो गच्च बसला. मी खूश. हवा अजिबात सुटणार नाही.

इंजिन जोडलं, दिवा लावला, चाकाला बोट दिलं. अर्धी फेरी आणि थांबलं.

मग तीन महिने मी जे करत गेले ते कोणत्याही शहाण्या माणसाने करू नये. दिवा मोठा केला. दुसरा दिवा लावला. दट्ट्याला शिवणयंत्राचं तेल दिलं, मग जास्त तेल दिलं. चाक जड असेल म्हणून हलकं केलं, हलकं झालं म्हणून पुन्हा जड केलं. दट्ट्या सैल करायचा म्हणून गॅरेजवाल्याकडची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली. त्या पेस्टची खर बिडात रुतून बसली, आणि नंतर कितीही धुतलं तरी दट्ट्या सिलिंडरला आतून खात राहिला. तो जोड आता पेपरवेट आहे. दुसरा मी पितळी भांड्यांच्या पॉलिशने घासला. हे ठीक होतं, पण हात थांबला नाही आणि तो फार सैल झाला. तोही पेपरवेट. आमच्या घरात कागद कमी आणि पेपरवेट जास्त अशी अवस्था.

शेवटी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका शेडमधल्या चाचांकडे गेले. सत्तरीचे, कानावर पेन्सिल, नानांना नावाने ओळखणारे. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. दट्ट्या काढला, सिलिंडर उभा धरला, वरून दट्ट्या सोडला. तो सोडला तिथेच राहिला. चाचा म्हणाले, "बेन, आ तो फसायेलुं छे." हे तर अडकलेलं आहे.

मी म्हटलं, घट्ट नको का? हवा सुटेल ना.

त्यांनी स्वतःच्या खणातून एक जोड काढला, कुठल्याशा जुन्या मापयंत्राचा. सिलिंडरच्या खालच्या तोंडावर बोट दाबलं आणि वरून दट्ट्या सोडला. थोडा उतरून तो हवेवर बसला, अधांतरी. मग त्यांनी बोट काढलं. दट्ट्या आपल्या वजनाने सरळ खाली उतरून त्यांच्या तळहातावर पडला. पुन्हा बोट, पुन्हा अधांतरी. त्यांनी तो खेळ पाच-सहा वेळा केला. मला वाटतं, पहिल्यांदा माझ्यासाठी, नंतर स्वतःसाठी. दट्ट्याला तेल नव्हतं. रबर नव्हतं, रिंग नव्हती. मध्ये फक्त पंधरा-वीस मायक्रॉनची फट आणि त्या फटीत हवा. हवेलाच तिथून निसटायला वेळ मिळत नाही, एवढीच ती फट.

माझं तेल म्हणजे तर शुद्ध विष होतं. आपल्याला ते पातळ वाटतं, पण एवढ्याशा फटीत ते गुळाच्या पाकासारखं धरून ठेवतं, आणि या इंजिनाचा जोर तो केवढा! वाफेच्या इंजिनात दाब इतका असतो की थोडं घर्षण गिळून जातं. इथे आतल्या आणि बाहेरच्या हवेत जो फरक पडतो, तो सगळा एका घट्ट स्क्रूने संपतो. तेल पुसून चाचांनी कानावरची पेन्सिल दिली. तिचं शिसं उगाळून बोटाने दट्ट्याला लावायचं, बस.

घरी येऊन सगळं सुटं केलं. नवीन बॉल बेअरिंगमध्ये कारखान्यातून भरलेलं ग्रीस असतं, ते पेट्रोलने धुतलं. धुण्याआधी चाक फिरवून सोडलं की तीन फेऱ्यांत थांबायचं. धुतल्यावर नुसती फुंकर मारली आणि ते अर्धं मिनिट फिरत राहिलं. (फुंकर, नाना!) सिलिंडर आणि गरम भागाच्या मध्ये मी हौसेने वीतभर रबरी नळी ठेवली होती, सुटसुटीत दिसावं म्हणून. त्या नळीतली हवा ना तापत होती ना निवत होती, दट्ट्याने दिलेला धक्का तेवढा शोषून घेत होती. नळी बोटाच्या पेराएवढी केली.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी, रात्री साडेदहाला, ते चाललं. माझं बोट चाकावरून निघालं आणि चाक थांबलं नाही. आवाज अगदी बारीक होता, जुन्या घड्याळासारखा. कोणाला हाक मारावी असं वाटलं नाही. तीन-चार मिनिटं मी एकटीच पाहत बसले, मग स्पिरिट संपलं.

*

टेबलावरचं इंजिन हे त्यानंतरचं, आणि ते माझ्या कल्पनेचं नाही. झाग्रेब विद्यापीठातल्या इव्हो कोलिन यांनी 1983 मध्ये फक्त गरम पाण्यावर चालणारं असं चपटं इंजिन दाखवलं, आणि पुढे अमेरिकेतल्या जेम्स सेन्फ्ट यांनी ती कल्पना इतकी ताणली, की अर्ध्या अंशाच्या फरकावर चाक फिरलं. अर्धा अंश! आपल्या घरात खिडकी आणि कपाट यांच्यात त्याहून जास्त असतो.

हे इंजिन करताना माझं शिक्षकीपण परत जागं झालं आणि मी हिशेब मांडला. जानेवारीत खोली पंचवीस अंश, चहा पंचाहत्तर. कार्नोच्या सूत्रात घाला, तर उष्णतेतले जास्तीत जास्त शंभरात चौदा हिस्से कामाला येतील. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही काही येत नाही, पण ती मर्यादा. आता मे महिना, खोली चाळीस. तोच चहा, तर दहा हिस्से. आणि चहाऐवजी बर्फ ठेवला, तर तेरा. म्हणजे बडोद्याच्या मेमध्ये चहापेक्षा बर्फ हे चांगलं इंधन. वरची चकती खोलीने तापलेली, खालची बर्फाने गार. गरम-थंड बाजू बदलल्या, म्हणून चाक उलटं. सूत्र तीस वर्षं मला पाठ होतं, पण त्याच्यात आमच्या घराचं तापमान घालावं असं कधी सुचलं नव्हतं.

वीज नव्हती त्या काळात आपल्याकडे रॉकेलवर चालणारे पंखे विकले जात. खाली दिवा, वर हेच गरम हवेचं इंजिन आणि त्याच्यावर पाती. तसा एक मी भंगारवाल्याकडे पाहिला, दिवा नसलेला, पातं वाकलेलं. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून खोलीत शेगडी पेटवायची! भंगारवाल्याने किंमत अशी सांगितली, की मी नुसती पाती फिरवून परत आले. छान फिरली.

आणि नानांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. स्टर्लिंग आणि त्याचा इंजिनिअर भाऊ जेम्स यांनी 1843 मध्ये डंडीच्या एका ओतशाळेत मोठं इंजिन बसवलं. काही वर्षं त्याने सगळा कारखाना ओढला. पण सिलिंडरचे तापणारे तळ जळून जात. तेव्हाचं बीड ती सततची आग सोसणारं नव्हतं. 1847 मध्ये ते काढून तिथे वाफ आणली. म्हणजे वाफ जिंकली, नाना. कल्पना बरोबर होती, धातू मागे होता. पुढे हॉलंडच्या फिलिप्सने वीज नसलेल्या ठिकाणी रेडिओ चालावेत म्हणून ते पुन्हा उकरून काढलं, तोवर ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओला सेल पुरायला लागले. तेच इंजिन बाहेरून फिरवलं की गारवा तयार करतं, याचा फिलिप्सनेच पुढे उपयोग केला, आणि त्या यंत्रांनी हवेचं पाणी करता येऊ लागलं. स्वीडनच्या पाणबुड्यांत आज हे इंजिन आहे, कारण ते पाण्याखाली बाहेरच्या हवेविना चालतं आणि फारसा आवाज करत नाही. कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला बिनआवाजाचं इंजिन पटलं असतं असं मला वाटत नाही.

*

गेल्या मेमध्ये चाचा घरी आले. दांडिया बाजारात काही काम होतं, ऊन फार झालं म्हणून टेकले. मी पाणी दिलं, बर्फ काढला होता म्हणून वाटीवर इंजिन ठेवलं. चाक उलटं फिरायला लागलं. चाचांनी पाहिलं, मग विचारून दट्ट्या काढला. बोट लावलं, दट्ट्या अधांतरी. बोट काढलं, दट्ट्या तळहातावर. "हं," एवढंच म्हणाले, आणि परत जोडून दिलं.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. मला आता हाताच्या उबेवर चालणारं करायचंय. याला पंधरा अंशांचा फरक लागतो, तळहाताला चार-पाच अंशांवर चालणारं हवं. तेही जमेल कदाचित, पण बडोद्यात एक गोची आहे. थंडीत खोली हातापेक्षा गार, तेव्हा ते सुलट फिरेल. मेमध्ये खोली हातापेक्षा गरम, तेव्हा हाताचाच बर्फ होईल आणि ते उलट फिरेल. पण मधे चैत्रात कधीतरी अशा दुपारी येतील, की खोली आणि तळहात एकाच तापमानाचे. तेव्हा कितीही पॉलिश करा, ते हलणार नाही.

चाचा ऐकत होते. बर्फ निम्मा विरघळला होता, चाक मंदावलं होतं.

"आनाथी थाय शुं?" त्यांनी विचारलं. याने होतं काय?

"कंई नहीं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, ग्लासातला उरलेला बर्फाचा खडा वाटीत टाकला, आणि म्हणाले, "तो बीजुं क्यारे?" मग दुसरं कधी?